शंभरातलं एक फळ

एका जंगलात, मुलांनो, वाघापेक्षा टिटवीचं जास्त ऐकत. तिथे वेणू नावाची एक खार राहायची. मोठी हिशेबी. तिला एकच घोर होता. म्हातारपणी दात पडले, की चारोळी फोडायची कशी?

म्हणून ती वाचवलेल्या बिया हत्तीणबाईंच्या सामाईक बागेत गुंतवायची. हत्तीणबाई सगळ्यांच्या बिया शंभर ठिकाणी लावायच्या. येतील त्या मऊ मऊ फळांत ज्याचा त्याचा वाटा.

बिया भरायच्या असोत की वाटा काढायचा असो, कागदावर भैरू रेड्याच्या खुराचा ठसा लागे. त्याबद्दल भैरू दरसाल शंभरातलं एक फळ घेई आणि डबक्यात डुंबत बसे.

दर पानगळीला टिटवी ओरडायची, "बाग बुडाली! बाग बुडाली!"  वेणू धावत डबक्यावर जायची.

"भैरूदादा, माझा वाटा काढून द्या. आत्ताच्या आत्ता!"

"उन्हं उतरू देत गं. उद्या ये."

उद्या उद्या करता पंधरा दिवस जायचे. तोवर पालवी फुटायची आणि वेणू निमूट घरी बसायची.

एकदा तिला कळलं, की थेट हत्तीणबाईंकडेही जाता येतं. ठसा आपल्याच पंजाचा, फी शून्य! तिने हिशेब केला. म्हातारपणापर्यंत चांगली टोपलीभर फळं वाचत होती. हिशेब अगदी बरोबर होता बरं का.

"मेला फुकटखाऊ रेडा!" म्हणत तिने भैरूला रामराम ठोकला.

पुढची पानगळ आली. टिटवी ओरडली. वेणू तडक हत्तीणबाईंकडे गेली.

"आत्ता उघड्या झाडांचा भाव आहे, बाई. मूठभरच बिया येतील," हत्तीणबाई म्हणाल्या.

"द्या!" वेणूने पंजा उमटवला. पाच मिनिटांत काम झालं. तिला सेवा फार आवडली.

पंधरा दिवसांनी पालवी फुटली. त्या वर्षी बाग अशी लगडली, की माकडंसुद्धा खाऊन कंटाळली. आणि त्याच वर्षी वेणूचा पुढचा दात हलायला लागला. बिचारीची फार दया येते हो.

ती रडत डबक्यावर गेली. "भैरूदादा, तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

भैरूने एक डोळा उघडला. "मी? काही नाही. उद्या ये म्हणालो असतो."

तात्पर्य: मध्यस्थ कामसू असेल, तर त्याला खुशाल काढून टाकावे. आळशी मिळाला, तर मागेल ती फी द्यावी.