न फुटलेले दोन नारळ

नारळी पौर्णिमेला झाई गावातल्या देवजीच्या अंगणात नारळफोडी व्हायचीच. समुद्राला नारळ वाहायला निघण्याआधी बापाने मुलाशी एक डाव खेळायचा, ही आजोबांपासूनची रीत. एकाने आपला नारळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर ठोका द्यायचा, मग पाळी बदलायची. ज्याचा फुटला तो हरला. एवढे सोपे नियम देवजी दर वर्षी नव्याने समजावून सांगे आणि त्याचा मुलगा हार्दिक ते मोबाईलवरची नजर न काढता ऐके. फुकट नेट आल्यापासून तर त्याने 'हं' म्हणणंही सोडलं होतं.

"पोराला आवडच राहिली नाही. माझ्यानंतर बंद पडणार हे," देवजी बायकोला म्हणाला.

"दर वर्षी त्याला हरवता नि वर आवड शोधता!" मालू म्हणाली.

देवजीला पटलं. बायकोचं पटलं तर तसं सांगायची रीत मात्र आजोबांनी घालून दिलेली नव्हती, म्हणून तो गुपचूप घोलवडच्या बाजारात गेला. टिचक्या मारून, कानाशी हलवून त्याने हार्दिकसाठी दगडासारखा नारळ निवडला. स्वतःसाठी बारीक चीर गेलेला.

"तो नको घेऊस देवजीभाय, लगेच फुटेल," दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच घेतोय."

इकडे घरी हेमाली भावाला शिकवत होती, "पटकन हर ना! पप्पा खूश, तू मोकळा."

डाव सुरू झाला. देवजीने ठोका दिला, म्हणजे हार्दिकच्या नारळाला आपला नारळ लाडाने टेकवला. हार्दिकने पाळी आल्यावर त्याहून हळू टेकवला.

"जोरात मार की रे!"

"तुमच्या हाताला लागेल, पप्पा. तुम्ही मारा ना."

"मला काय घाई आहे? तू मार."

बराच वेळ दोन नारळ एकमेकांची विचारपूस करत राहिले. कुंपणाशी चार माणसं थांबली, मग चाळीस. "अजून एकाचाही फुटला नाही!" ही बातमी बंदरापर्यंत गेली आणि समुद्राकडे निघालेली नारळाची मिरवणूक बँडसकट अंगणात आली. शेजारच्या बाबल्याने सगळ्यांना समजावलं, "ताकदीचा खेळ नाय हा. डोक्याने खेळतायत दोघं. आताच्या पोरांना नाय कळणार." आताची पोरं व्हिडिओ काढत होती.

तेवढ्यात मालू बाहेर आली. "नारळीभात कशाचा करू, तुमच्या डोक्याचा?" तिने देवजीच्या हातातला नारळ ओढून घेतला, हार्दिकच्या नारळावर एकच ठोका दिला आणि पाण्याची चिळकांडी बाबल्याच्या नव्या शर्टावर उडाली. दगडासारखा नारळ दोन भकलं होऊन पडला होता. चीर गेलेला मालूच्या हातात शाबूत होता.

अंगण दणाणलं. ती करामत खरी किती मोठी होती, हे एकट्या देवजीला माहीत होतं आणि त्यालाच ते बोलता येत नव्हतं.

"मम्मी," हार्दिकने मोबाईल खिशात घातला, "कसं केलंस? परत दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात पोरं गोळा झाली. "काकी आहेत का?"

"मी आहे ना! या, नियम सांगतो," देवजी लगबगीने उठला.

"नको काका. तुमचा डाव लय लांबतो."

अंगणात मालू पदर खोचून उभी राहिली, हेमालीने पोरांच्या जोड्या लावल्या. देवजी चुलीजवळ बसून फुटलेले नारळ खवू लागला. कोणीतरी खवायलाच हवे होते.

"अहो, अजून एक नारळ द्या," बाहेरून मालूचा आवाज आला. "बघून द्या हं!"

देवजीने टिचकी मारून, कानाशी हलवून, त्याच्या मते घरातला सगळ्यात पक्का नारळ निवडला आणि दारात आलेल्या हार्दिकच्या हातात दिला. हार्दिकनेही मान वाकवून तशीच टिचकी मारली. कानाशी हलवला.

"हा नको, पप्पा," तो म्हणाला, "हा भाताला घ्या."