वरून पाहिलेली रास

दाजीच्या बायकोने, हौसाने, मिठाची टोपली डोक्यावरून उतरवली आणि मिठागराच्या बांधावरच बसकण मारली.

"रोज खालून बगते तो डोंगर. एकदा वर न्या, नायतर मी उठायची नाय."

पनवेलला नवी आगगाडी आलीच होती. आगर दाजीच्या धाकट्या भावावर, जगन्यावर, सोपवून भर वैशाखात दोघं निघाली. दिव्याला गाडी बदलली, नेरळला बदलली, आणि मग माथेरानची ती खेळण्याएवढी गाडी कड्याला अंग घासत चढू लागली. दाजीने डोळे गच्च मिटले.

"आवो, डोळं उगडा! झाडांचे शेंडे पायाखाली हायेत!"

"म्हणून तर मिटलेत."

वर तांबड्या मातीतून चालत दोघं एका पॉइंटावर आली. समोर प्रबळगड, खाली पनवेल, खाडी, आणि खाडीकाठची मिठागरं: आरशाचे तुकडे सांडावेत तशी. ज्या चिखलात दोघांच्या टाचा फुटल्या, तो इथून चांदीचा दिसत होता. देवाने सगळी शोभा वर राहणाऱ्यांसाठीच राखून ठेवली असावी.

"हौसा," दाजी कुजबुजला, "आपण तितं राबतो? एवढ्या देखण्या जागंत?"

मग त्याला मिठाच्या राशी दिसल्या आणि तोंडचं पाणी पळालं. समुद्राकडून ढग येत होते. आगराचा कायदा असा, की आभाळ भरलं की आधी शेठची रास गवताने शाकारायची आणि उरल्या गवतात कामकऱ्यांच्या वाट्याची. गवत कधी उरत नसे. वाटा दरसाल वाहून जाई. आज मात्र त्यांच्या वाट्याची लहान रास गवताखाली काळी दिसत होती, आणि शेठची मोठी पांढरीशुभ्र!

"जगन्याने घात केला! शेठ आगरातून हाकलंल मना!"

"भावजींना बोलू नका. मीच सांगून आले, ढग दिसले की पयली आपली झाका."

"अगो, काम गेलं तर खाऊ काय?"

"मीठ," हौसा म्हणाली.

दाजी कड्याशी धावला. "जगन्याऽ, मोठी झाऽक!"

समोरच्या कड्याने "झाक, झाक" म्हटलं. पलीकडे उभ्या पाहुण्यांना हा खेळच वाटला. तेही ओरडू लागले. त्यांच्यातून दुर्बीण घेतलेला एक गृहस्थ पुढे आला. साक्षात शेठ!

"दाजी? तू इथे?"

"शेठ, ती रास..."

"तीच दाखवतोय मंडळींना! बघ, इतक्या लांबून चमकतेय. आणि ते शेजारचं काळं काय?"

"वाटा हाय आमचा. शेठ, तुमची उघडी राहिली. ढग आलेत. मी आत्ता उतरतो, झाकतो."

"खबरदार! संध्याकाळी आणखी पाहुणे यायचेत बघायला. झाकलीस तर आगरात पाय ठेवायचा नाही!"

खाली गडगडलं. ढग त्यांच्या पायांखालून पनवेलकडे सरकत होते. जन्मभर ज्या आभाळाला दाजी भ्याला, त्याची पाठ आज त्याला दिसत होती. मऊ, पांढरी, गरीब गाईसारखी.

मग त्याने टोपी सारखी केली आणि शेठच्या पाहुण्यांतल्या एका बाईंना हात जोडले.

"ताई, रास झाकू नको म्हणाले शेठ, ते तुमी आयकलंत ना?"