हिरव्या टिकेची सफारी

शैलेंद्रने ठरवलं ते एवढंच, "आज नको, गुरुवारी घेऊ." इंजेक्शनच तर होतं, पिवळ्या तापाचं. केनियाला जायच्या दहा दिवस आधी ते घेतलंच पाहिजे, हे ग्रुपवर लाल अक्षरांत त्यानेच टाकलेलं. सफारीची एक्सेल शीट त्याची, त्यातले रंग त्याचे. (आखातातल्या सीफमध्ये ऑडिट करणारा माणूस सिंह बघायलाही टिका मारतच जातो.) मित्र सलील, त्याची बायको कस्तुरी आणि आपली बायको चारुलता, तिघांना त्याने स्वतः गाडीतून नेऊन टोचून आणलं.

"अहो, तुमचं?"

"कंपनीच्या डॉक्टरकडे झालं," म्हणत त्याने आपल्या नावापुढे हिरवी टिक मारली. सुई दिसली की त्याचे पाय लटपटायचे आणि अठरा वर्षं ते तो बीपीवर ढकलत आला होता. गुरुवार आला तसा गेला.

चारुलतेने मात्र ईदच्या या सुट्टीकडे डोळे लावले होते. आजवरची प्रत्येक रजा पुण्यात दातांचे डॉक्टर, बँक आणि नातेवाइकांची लग्नं यांत संपलेली. दोघांची अशी ही पहिलीच.

मुहर्रकला विमानतळावर काउंटरवरच्या सुहाने हात पुढे केला. "सर, यलो कार्ड?"

शैलेंद्रने मोबाइलवर शीट दाखवली.

"सर, ही टिक तुमची. डॉक्टरचा शिक्का मफी, नाही. ट्रॅव्हल मफी."

"शैल्या, आमच्या दंडाचे फोटोसुद्धा मागितलेस की रे तू!" सलील ओरडला.

शेवटी सुईचं खरं बाहेर आलं. चारुलता त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे बीपी नाहीच? अठरा वर्षं घरात मी अळणी रांधतेय!"

ती थांबेल असं त्याला वाटलं होतं. तिने बॅग उचलली. "रजा माझीही आहे," म्हणाली आणि मागे न बघता गेली. ते त्याला फार लागलं.

"यल्ला, चला, बरं झालं," सलीलने आपल्या घराची किल्ली त्याच्या हातात कोंबली. "आता आमच्या मांजराची सोय बघायला नको."

तिसऱ्या दिवशी फोटो आला. उघड्या जीपमध्ये चारुलता तोंड भरून हसत होती. त्याने काढलेल्या एकाही फोटोत ती अशी हसलेली नव्हती. हातात मांजराची वाटी धरून तो फोटो मोठा करून बघत राहिला, आणि पाय शेपटीवर पडला. मांजराने पोटरीचा लचकाच तोडला.

क्लिनिकमध्ये डॉक्टर झुबेरने मांजराचं कार्ड उलटून पालटून पाहिलं. शिक्के, सह्या, तारखा, सगळं जागेवर.

"मांजराच्या लशी पूर्ण आहेत," तो म्हणाला. "आपके?"

नर्सने ट्रे आणला. शैलेंद्रने घाईघाईने सांगितलं, "सिस्टर, मला बीपी आहे."

तिने पट्टा बांधला, आकडा वाचला. "वन ट्वेंटी बाय एटी, सर. एकदम फर्स्ट क्लास," ती म्हणाली आणि सुईचं टोपण काढलं.