चांगला सेन्सर मी कसा काढला

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! न्हाव्याकडे बसलो तरी मी आरशातून कात्रीकडे बघत नाही, न्हाव्याच्या डोळ्यांकडे बघतो. त्यामुळे शनिवारी सकाळी गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा मी बायकोला आधीच सांगून ठेवलं, "आता बघ, मेकॅनिक कसा गळ टाकतो ते!"

गाडी खरं तर बायकोची. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं राबतेय. सोमवारी सकाळी दहाला, साठ किलोमीटरवरच्या मुख्य कार्यालयात, तिची प्रमुखपदासाठी मुलाखत होती.

"सोमवारी मला गाडी धडधाकट हवी," ती म्हणाली. "तुमचे तपास त्यानंतर करा."

मेकॅनिकला सगळे 'उस्ताद' म्हणतात. मला तर तिथेच शंका येते. त्याने एक छोटं यंत्र गाडीला जोडलं, पडद्यावर नजर टाकली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. पुढचा."

"गाडीला ऑक्सिजन कशाला? ती काय दवाखान्यात आहे?"

तो हसला. "धुराच्या नळीत बसतो तो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनाला सांगतो, मग इंजिन त्या मापाने पेट्रोल घेतं. असे दोन असतात, एक पुढे, एक मागे. तुमचा पुढचा बदलायचा."

दोन मिनिटांत! डॉक्टरसुद्धा आधी जीभ बाहेर काढायला लावतो! मी "बघतो" म्हणालो आणि गाडी घेऊन निघालो. वाटेत तसलंच यंत्र विकत घेतलं. घरी आल्यावर गाडी चालू ठेवून अर्धा तास पडद्याकडे डोळे लावून बसलो. आणि काय सांगू! पुढच्या सेन्सरचा आकडा टुणटुण उड्या मारत होता. वर, खाली, वर, खाली. मागचा मात्र एका आकड्यावर मख्ख बसलेला, सरकारी खिडकीमागच्या कारकुनासारखा!

"सापडला!" मी ओरडलो. "मेलाय मागचा, आणि हा मला पुढचा बदलायला सांगतोय! म्हणजे दिवा तसाच राहणार आणि मी पुन्हा त्याच्याच दारात!"

"उस्तादभाऊ तसे नाहीत हो," बायको मुलाखतीच्या कागदांतून मान वर न काढता म्हणाली.

"तसे असणारे सगळे तसे नसल्यासारखेच दिसतात!"

संध्याकाळी मी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. "मागचा ऑक्सिजन सेन्सर द्या," मी म्हणालो आणि गाडीचं मॉडेल सांगितलं.

"मागचा?" दुकानदाराने चष्मा वर केला. "गाडी कुणाला दाखवलीत?"

"उस्तादला."

तो आत जाऊन फोनवर काहीतरी कुजबुजला आणि बाहेर आला तो हसतच! "हा न्या. बरोबर आहे."

कट! उघड कट! पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. खोका दुकानातच उजेडात धरला. सील तपासलं, छपाई तपासली, कोपरे नखाने खरवडून पाहिले, आतल्या कागदाचा वाससुद्धा घेतला. माल अस्सल होता. फक्त खोक्यावर काय लिहिलंय तेवढं वाचायचं राहून गेलं.

रविवारी सकाळी इंजिन जरा गरम करून घेतलं, कारण गरम असताना सेन्सर सैल होतो असं मी ऐकलं होतं. सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. गरम असताना सैल होतो हे खरं असेल, पण गरम असताना तो गरमही असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं! पहिल्या मिनिटात मनगट भाजलं, दुसऱ्या मिनिटात कान. वर पाना काही केल्या बसेना, कारण सेन्सरला शेपटीसारखी वायर आणि वायरीच्या टोकाला हा एवढा प्लग. शेवटी मी पक्कड घेतली आणि वायर कचकन कापली. तसाही मेलेलाच होता ना!

तासाभराच्या झटापटीनंतर सेन्सर बाहेर आला. मी विजयी मुद्रेने नवा खोका उघडला. नव्याचा प्लग गाडीच्या प्लगमध्ये बसेना! वायरही वीतभर तोकडी!

"फसवलं!" मी म्हणालो आणि तडक दुकान गाठायचं म्हणून गाडी चालू केली.

धुराच्या नळीला भोक पडलेली गाडी कशी ओरडते ते तुम्ही ऐकलंय का? रणगाड्याला डांग्या खोकला झाल्यासारखी! खिडकीच्या काचा थरथरल्या. समोरच्या घरातल्या काकू कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. बायको हातात फाईल घेऊन धावत आली. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या तोंडाकडे, मग जमिनीवर पडलेल्या त्या शेपूटतुटक्या सेन्सरकडे.

"उद्या माझी मुलाखत आहे," ती हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासमोरच उस्तादला फोन लावला.

तो अर्ध्या तासात आला. तुटका सेन्सर उचलून त्याने मान हलवली. "साहेब, हा चांगला होता."

"चांगला? एका आकड्यावर ठिय्या देऊन बसला होता!"

"मागच्याने तसंच बसायचं असतं. उड्या पुढच्याने मारायच्या."

"मग पुढचा तर मारत होता!"

"गाडी तापल्यावर मारतोच. त्याच्या आत छोटा हीटर असतो, थंड गाडीत त्याला लवकर गरम करायला. तो हीटर जळलाय. तुम्ही गाडी तापवून बघितलीत, म्हणून तुम्हाला ठणठणीत वाटला." मग त्याने माझा खोका उचलला. "आणि हा पुढचाच आहे की! दुकानदाराने मला फोन केला होता. मीच त्याला म्हटलं, साहेब चुकून मागचा म्हणाले असतील, तू पुढचाच दे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची घडी घालू लागलो.

रविवारी दुकान बंद, म्हणून उस्तादने मागचा सेन्सर त्या दुकानदाराचं घर गाठून आणला आणि तासाभरात दोन्ही बसवले. मी त्याच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवून होतो. दिवा गेला. गाडी मांजरासारखी गुरगुरू लागली. बायकोने त्याचे तीनदा आभार मानले.

पण तो गेल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. दिवा गेला, की याने दिव्याची वायरच काढली? संध्याकाळी मी गुपचूप गाडीत बसलो. किल्ली अर्धी फिरवली, सगळे दिवे लागले, पिवळासुद्धा! म्हणजे वायर शाबूत. पण मध्येच विझला तर? मी नजर रोखून बसलो. निरीक्षणं लिहायला आतला दिवा लावला. हेडलाइटचाही काही घोळ नाही ना, म्हणून तेही लावले. तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली आणि मी तसाच उठून आत गेलो.

सोमवारी सकाळी आठला बायकोने किल्ली फिरवली. 'टक्' असा आवाज आला. बस्स, तेवढाच.

उस्ताद दहा मिनिटांत हजर! "बॅटरी पार उतरलीय, ताई. उसनी वीज देऊन चालू करता येईल, पण वाटेत दगा दिला तर? त्यापेक्षा माझ्या गाडीत बसा."

संध्याकाळी बायको प्रमुख होऊन परतली. उस्तादने चार्ज केलेली बॅटरी बसवली आणि डोकं खाजवत म्हणाला, "चांगली बॅटरी एका रात्रीत अशी कशी उतरली, तेच कळत नाही."

"हल्ली बॅटऱ्यांचा भरवसा राहिला नाही," मी म्हणालो.

 बायकोने गाडीच्या सीटवरून माझा निरीक्षणांचा कागद उचलला, शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि माझ्यापुढे हात पसरला.

गाडीची दुसरी किल्ली पूर्वी माझ्या खिशात असायची. आता ती उस्तादकडे असते.