दाणा दिसला पायजे

लग्नात अक्षता पडतात तेव्हा सगळे नवरानवरीकडे बघतात. मोहनकाका अक्षतांकडे बघतात. काका रामवाडीतले आमचे शेजारी, पेणपासून रोह्यापर्यंतच्या लग्नांचे व्हिडिओवाले. त्यांच्या मते व्हिडिओची खरी परीक्षा तिथेच. "दाणा न् दाणा सुटा दिसला पायजे. नायतर अक्षता कसली, मऊ भात!"

मोठी फाईल लहान करायचं काम ग्राफिक्स कार्ड चहा होईपर्यंत उरकतं. पण त्या घाईत बारकावे पुसले जातात, म्हणून काका ते सावकाश पण नीट करणाऱ्या सॉफ्टवेअरला देतात आणि कम्प्युटर दुपारभर घरघरत बसतो. रोह्याच्या एका नवरदेवाने फोनवर विचारलं, "काका, बारशाआधी मिळेल ना?" काका शांतपणे म्हणाले, "बारशाचं शूटिंगपण मलाच दे."

मला ते परीक्षेला बोलावतात. मी फारशी बोलत नाही, हे त्यांना सोयीचं असावं. डावीकडे कार्डाची फाईल, उजवीकडे सॉफ्टवेअरची, आकार सारखाच. "कुठली चांगली, सांग गो." क्लिप नेहमी एकच, आवाज नेहमी बंद: जुन्या टेपवरून उतरवलेलं एक लग्न, पडणाऱ्या अक्षता, आणि काळोख्या कोपऱ्यात हात उंचावलेली एक बाई. मी दाणे बघायचे. काका दाणे बघत नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

ती बाई म्हणजे काकू. वर्षानुवर्षं काकांच्या मागे लाईट धरून उभ्या राहिल्या, म्हणून कुठल्याच व्हिडिओत नाहीत. फक्त भाचीच्या लग्नात लाईट खाली ठेवून अक्षता टाकायला पुढे गेल्या. काकू आता नाहीत. दुबईतली मुलगी सारखी म्हणते, "बाबा, आईचा तो व्हिडिओ पाठवा ना." मूळ फाईल फोनवर जाण्यासारखी नाही, आणि लहान केली की काळोखातला चेहरा आधी विरघळतो.

परवा काकांनी सॉफ्टवेअर सगळ्यात सावकाश चालेल असं लावलं. संध्याकाळी हाक आली. डावीकडे चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. उजवीकडे नथ, कुंकू, हसू.

"उजवी. पाठवा आता."

काका हलले नाहीत. "आवाज काढून टाकू काय? मी ओरडलोय गो तिच्यावर. लाईट सोडली म्हणून. पोरीने तेच ऐकायचं?"

मी विचारलं नाही, आवाज चालू केला. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, आणि कॅमेऱ्यामागून काका ओरडले, "अगो, लाईट कोण तुझा बाप धरणार?" काकूंनी मान वळवली, थेट कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हसल्या.

"काका, त्या तुम्हालाच हसतायत. आवाज राहू दे."

फाईल दुबईला गेली. मी निघाले तरी काका तिथेच बसलेले. जिन्यापर्यंत त्यांचं जुनं ओरडणं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी आत काकू हसत असणार.