आमदारांनी तोंड उघडल्याची नोंद

बंगळुरूच्या उत्तर अंगाला 'श्रीनिधी एन्क्लेव्ह' नावाची एकशे बारा घरांची वसाहत आहे. कावेरीच्या पाण्याचा पाइप या वसाहतीच्या फाटकापासून चाळीस फुटांवर येऊन थांबला, त्याला येत्या मार्चमध्ये तीन वर्षे पूर्ण होतील. तो का थांबला हे कोणी विचारले नाही. तोंडाला निळे टोपण लावून तो जमिनीतून वर डोकावत होता, आणि सकाळी फिरायला जाणारी मंडळी त्याला वळसा घालून जात होती.

बोअरवेल आटल्या होत्या. पाणी खात्याचा टँकर दिवसाआड येई. एरवी लोकांनी तेही चालवून घेतले असते; पण दुसऱ्या मजल्यावरच्या आठल्यांची मुलगी शमिका मे महिन्यात बाळंतपणाला माहेरी यायची होती. "टँकरच्या पाण्यात मी बाळंतिणीचं काही करायची नाही," असे नयनाबाईंनी नवऱ्याला बजावून सांगितले होते. मेपर्यंत नळ आला पाहिजे, एवढेच काम उपेंद्रराव आठल्यांना नेमून दिले गेले.

उपेंद्रराव बंगळुरूच्याच एका सरकारी कारखान्यातून गुणवत्ता तपासणी विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांनी केलेले बोल्ट मोजले आणि त्यातले बरेचसे नाकारले. ज्याची नोंद होत नाही ते बिघडतेच, अशी त्यांची श्रद्धा. घरातल्या फुलवातीसुद्धा ते मोजून डबीत भरत.

तळमजल्यावर विठोजी राहत. त्यांचे घराणे चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेले. यशवंतपुरात त्यांचे पत्र्याच्या डब्यांचे दुकान होते. ते म्हणाले, "साहेब, हे स्वल्प काम बघा. आमदाराला इंजिनीअरला एक फोन मारायला सांगायचं, झालं. माझी पुतणी भव्या त्याच्याच ऑफिसात हाय."

"फोन?" उपेंद्ररावांना ते लाचेइतकेच ओंगळ वाटले. "विठोजी, लोकशाहीत प्रश्न विचारायचा असतो. विधानसभेत. त्यासाठीच निवडून दिलंय ना त्यांना? आधी बघू, हा माणूस तिथे करतो काय."

"सरी, बरं," विठोजी म्हणाले आणि दुकानाला गेले.

उपेंद्ररावांनी माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारल्या. आमदारांची हजेरी किती, त्यांनी विचारलेले प्रश्न किती, आणि प्रत्येक विधेयकावर त्यांनी मत काय दिले. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले. हजेरी एक्केचाळीस टक्के. प्रश्न निरंक. आणि मतांविषयी असे की, सदर विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली असून सभागृहात 'होय' असा आवाज आला होता. तो कोणकोणाचा होता, याची नोंद ठेवण्याची पद्धत नाही.

उपेंद्ररावांनी ते उत्तर चारदा वाचले. चौतीस वर्षांत सहीशिवाय एक खिळा त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता, आणि इथे अख्खे कायदे नुसत्या गलक्यावर पुढे जात होते. त्यांनी काम हाती घेतले. अधिवेशनाच्या चित्रफिती मिळवल्या आणि नऊ दुपारी भिंग घेऊन ते आमदारांच्या तोंडाकडे पाहत बसले. आवाज कोणाचा ते कळत नसले, तरी तोंड कोणी उघडले ते दिसते, असा त्यांचा शास्त्रीय विचार होता.

निष्कर्ष असा निघाला. संमत विधेयके सत्तावीस. आमदारांनी तोंड उघडल्याचे प्रसंग चौदा. पैकी जांभया नऊ, भजी दोन, फोन दोन, आणि एक वादग्रस्त. वादग्रस्त यासाठी की अध्यक्षांनी "अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे" असे म्हटले त्याच क्षणी आमदारांनी जांभई दिली होती. ही जांभई विधेयकाच्या बाजूने धरावी की विरोधात, हे ठरवायला दोघांची समिती बसली. दुसरे सदस्य विठोजी होते.

"मोठी होती काय जांभई?" विठोजींनी विचारले.

"चांगलीच मोठी."

"मग होय म्हणून लिवा. विरोध असता तर झोप आली असती काय?"

तसे लिहिले गेले. तक्ता वसाहतीच्या फलकावर लागला, कोणीतरी त्याचा फोटो काढला, आणि चौथ्या दिवशी तो वर्तमानपत्रांत आला. शहरभर लोक आमदारांच्या जांभयांवर बोलू लागले.

पाचव्या दिवशी भव्या आली. तिशीतली, नीटनेटकी, हातात वही. तिने आधी चिक्कप्पांना, म्हणजे विठोजींना, वाकून नमस्कार केला आणि मग उपेंद्ररावांसमोर बसली. "काका, सर चिडले नाहीत हं. त्यांना मार्क वाढवायचे आहेत. कशाला किती ते सांगाल?"

निवृत्तीनंतर उपेंद्ररावांच्या बोलण्याचे टिपण कोणी घेतले नव्हते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिला दोन तास समजावून सांगितले. हजेरीला तीस गुण. प्रश्नांना चाळीस. तोंड उघडण्याला वीस. वर्तनाला दहा, पैकी सभागृहात फोन दिसला की दर वेळी पाच वजा. प्रश्नाला नेमके उत्तर मिळवता आले नाही, तर दोन वजा. भव्याने सगळे उतरवून घेतले. नयनाबाईंनी तिला पोहे दिले.

पुढच्या अधिवेशनात आमदार दारवानाच्या आधी येऊन बसू लागले. त्यांनी एकूण एकशे अठ्ठ्याऐंशी प्रश्न विचारले. राज्यात जिल्हे किती? त्यांची नावे काय? ती मोठ्याने वाचून दाखवता येतील काय? प्रत्येक प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले. विधेयक मताला आले की ते 'होय'लाही तोंड उघडत आणि 'नाही'लाही. तक्त्यात फक्त उघडणे मोजले जाते, हे त्यांना माहीत होते. एकूण गुण सत्त्याण्णव. राज्यातला सर्वांत जागरूक लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचे फलक लागले. त्यातला एक, उपेंद्रराव प्रमाणपत्र देत असल्याच्या फोटोसकट, बांधायला दुसरे काही नव्हते म्हणून निळ्या टोपणाच्या पाइपालाच बांधला गेला.

एप्रिल उजाडला. उपेंद्ररावांनी भव्याला फोन केला. "अगं, आमच्या पाइपाचा प्रश्न कधी विचारणार?"

"काका, त्यात रिस्क आहे. मंत्री म्हणाले 'माहिती घेतो', तर आमचे दोन मार्क जातात. तुमचाच नियम."

"मग इंजिनीअरला एक फोन तरी करायला सांग!" हे शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडल्याचे ऐकून उपेंद्ररावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"कधी करणार? सर दिवसभर सभागृहात असतात. फोन काढला की पाच गेले. पूर्वी मागच्या बाकावर बसून हेच तर करायचे ते. गेल्या वर्षी सोळा वस्त्यांचं पाणी तिथूनच लावलं त्यांनी."

उपेंद्ररावांनी ही गोष्ट विठोजींना सांगितली नाही. त्यांनी नियमांत दुरुस्ती केली. स्थानिक प्रश्नाला नेमके उत्तर मिळवल्यास जादा पंचवीस गुण. आठवड्याच्या आत आमदार उभे राहिले आणि म्हणाले, "श्रीनिधी एन्क्लेव्हला कावेरीचे पाणी पोहोचले आहे काय?"

मंत्र्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "होय."

यापेक्षा नेमके उत्तर असू शकत नाही. आमदारांना शंभरापैकी एकशे बावीस गुण मिळाले. दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद झाला. उपेंद्रराव खात्याच्या कचेरीत गेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने त्यांना अदबीने समजावले की जिथे कावेरी पोहोचली आहे तिथे टँकर पाठवणे हा सभागृहाचा अवमान होईल.

"आता बाळाला काय मंत्र्यांच्या उत्तरानं अंघोळ घालू?" नयनाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या रडल्या. संध्याकाळी शमिकाचा फोन आला. ती नाशिकलाच राहणार होती. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. इथे सासूबाई करतात म्हणाल्या सगळं. आणि नळाला पाणी असतं." उपेंद्ररावांना फार वाईट वाटले. पहिले नातवंड, आणि ते तक्त्यात हरवले.

भव्यालाही वाईट वाटले. ती स्वतः आली. "काका, ते उत्तर दुरुस्त करून घेता येतं. तुमच्या वसाहतीतले पन्नास मतदार सही करू देत, यादीतल्या नंबरासकट. मग विधानसभेच्या समितीला येऊन बघावंच लागतं."

एकशे बारा घरे, तीनशेच्या वर मोठी माणसे. पन्नास म्हणजे काहीच नाही. उपेंद्रराव कागद घेऊन दारोदार निघाले. चौथ्या मजल्यावरच्या मकरंदने 'जांभईवाले काका' म्हणून त्यांचे भरघोस स्वागत केले. या व्यवस्थेचे काही खरे नाही यावर तो अर्धा तास बोलला, आणि त्याचे नाव नागपूरच्या यादीत निघाले. त्याच्या बायकोचे नाव इथल्या यादीत घालायचे होते, पण नावनोंदणीच्या रविवारी केबलवाला यायचा होता. कोणाचे पुण्याला होते, कोणाचे कुठेच नव्हते. तीन दिवसांत सह्या मिळाल्या अकरा. अकराही विठोजींच्या घरातल्या आणि भाऊबंदांच्या.

भव्याने कागद पाहिला. "काका, यात तुमची कुठाय?"

उपेंद्ररावांनी पाकिटातून ओळखपत्र काढले. त्यावर पत्ता सांगलीचा होता.

"मग जाता का मत द्यायला तिकडे?"

"जमतं तेव्हा."

"शेवटचं कधी जमलं होतं?"

एकोणीसशे शहाण्णव साली नाकारलेल्या बोल्टांच्या पेटीचा क्रमांक सांगू शकणाऱ्या उपेंद्ररावांना ते साल आठवेना. भव्याने वहीतून एक कागद काढला. तिला ते करताना बरे वाटत नव्हते, हे दिसत होते. "आमच्याकडेही एक तक्ता आहे, काका. सरांनी तो कुठे लावला नाही. श्रीनिधी एन्क्लेव्ह, घरं एकशे बारा, मतदार अकरा. शेजारची गंगव्वाची गल्ली, घरं चाळीस, मतदार एकशे साठ. पाइप तिथपर्यंत मोजून टाकलाय."

विठोजींनी पुतणीला चहा विचारला.

दुसऱ्याच दिवशी उपेंद्ररावांनी मतदारयादीत नाव घालण्याचे आणि पत्ता बदलण्याचे तीनशे अर्ज आणून घरोघर वाटले, आणि कोणी भरला, कोणी नाही, याचा नवा तक्ता आखला. पहिल्या रांगेत त्यांनी प्रामाणिकपणे स्वतःचे नाव लिहिले. मग अर्ज समोर घेऊन बसले. पेन हातात होते, पत्ता पाठ होता. पण सांगलीतले नाव कापायचे म्हटल्यावर त्यांनी पेनाला पुन्हा टोपण लावले. चौतीस वर्षे या गावच्या रस्त्यांना, रहदारीला, आमदारांना नावे ठेवताना आपण इथले नाही याचा केवढा आधार होता.

"भरताय ना?" नयनाबाईंनी विचारले.

"सांगलीला एकदा विचारून घेतो."

"कुणाला विचारणार? कोण राहिलंय आता तिथे?"

उपेंद्ररावांनी पेनाचे टोपण काढले आणि आपल्या नावापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले, 'विचाराधीन'. महिनाभरात चार अर्ज भरून आले. बाकीच्यांच्या नावापुढेही तोच शब्द गेला. तक्त्याच्या खाली काही रांगा मोकळ्या आहेत. त्या वसाहतीतल्या कोणाच्या नाहीत. हा सगळा प्रकार ऐकून दुसऱ्या कुठल्या गावी, आपल्या घरी बसून जी माणसे हसतील, त्यांच्यासाठी त्या उपेंद्ररावांनी मुद्दाम सोडल्या आहेत. नाव ज्याचे त्याने लिहायचे आहे, पुढचा शब्द त्यांनी आधीच लिहून ठेवला आहे.