ओव्हनमध्ये लपवलेलं चीज

जावई म्हणून तिबो लाख माणूस, पण चीजचं ताट समोर आलं की नुसता दरोडेखोर! ब्री चीजच्या त्रिकोणाचं मऊ टोक खुशाल आडवं छाटून स्वतः खायचा, नि कडेची साल बाकीच्यांना! चांगल्या घरचा माणूस टोकापासून सालीपर्यंत लांब फोड कापतो. एवढंही शिकवलं नाही याच्या आईने?

आणि आज ती आईच जेवायला यायची होती! क्लोतिल्दबाईंनी दिझाँहून आधीच कळवलं होतं, "पोरं यापुढे रविवारी माझ्याकडे जेवू देत." रविवारचं जेवण गेलं, तर तिबोच्या सासूच्या, लेओंतीनबाईंच्या, हाती उरणार काय? रिकामी भांडी!

"टोक शाबूत राहिलं पाहिजे!" म्हणत बाईंनी चीजची थाळी गार ओव्हनमध्ये दडवली. तिथे कुठला जावई डोकावतोय!

मलईतली कोंबडी झाली, सॅलड झालं. विहीणबाईंना नाव ठेवायला जागा सापडेना. बाई ऐटीत स्वयंपाकघरात गेल्या, ओव्हन उघडला, आणि अशा किंचाळल्या की खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं! ब्री, कोंते, एप्वास, तिन्ही चीजचा मिळून एकच उकळता चिखल!

"ओव्हन कुणी पेटवला?"

तिबो मागेच उभा. "मी, सासूबाई! टार्ट ऊन करायचाय ना? म्हटलं, आधीच तापवून ठेवू. तेवढीच मदत!"

बाहेरून विहीणबाईंचा गोड आवाज आला, "चीज संपलं का हो? आमच्याकडे नाही बाई असं कधी होत!"

झालं! बाईंनी थाळीत मिरपूड भुरभुरली, पांढऱ्या वाइनची धार सोडली आणि थाळी टेबलावर दाणकन आदळली. "आमच्या घराण्यात रविवारी असंच असतं, विहीणबाई!"

क्लोतिल्दबाईंनी पावाचा तुकडा जरासा बुडवला. मग जरा जास्त. चीज एकदाच घ्यायचं असतं. पुन्हा घेतलं की यजमानीण उपाशी ठेवते असा बोभाटा! विहीणबाईंनी तिसऱ्यांदा घेतलं! शेवटी तर चारचौघांत पावाने थाळी अशी पुसली, की तळाचं निळं फूल दिसायला लागलं.

"पुढच्या रविवारी... आम्हीच इकडे येऊ का? आणि कृती सांगाल ना?"

"या की! पण कृती घराबाहेर जात नाही आमची."

तिबोने तोंड उघडलं, "पण सासूबाई, ते तर—"

बाईंनी त्याच्या तोंडात टार्टचा तुकडा कोंबला, दंडाला धरून त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावून घेतलं.

"जावईबापू, तुम्हाला कापता येत नाही, गप्प बसता येत नाही, आणि मदत तर अजिबात करता येत नाही! पुढच्या रविवारी लवकर या... ओव्हन तुम्हीच पेटवायचाय!"